पुरातून वाचलेला सेट आणि चार केशरी ताटल्या

सांगलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. गावभागातल्या जुन्या घरात आजेसासूबाईंचा चिनी मातीचा सेट आहे. सायीच्या रंगावर निळी-गुलाबी फुलं, कडेला सोनेरी रेघ. २४ नगांपैकी १७ उरलेत. २०१९च्या पुरात हा सेट खालच्या फडताळात होता आणि फडताळ पाण्यात. शिवाय चुलत सासऱ्यांनी साठच्या दशकात अमेरिकेहून आणलेल्या चार केशरी-तांबड्या ताटल्या आहेत, त्या माळ्यावर असल्यामुळे वाचल्या. आता घराची डागडुजी झाली आहे. ताईंना हे सगळं रोजच्या जेवणात आणायचंय आणि जोडीला हल्लीच्या रंगीत ताटल्या घ्यायच्यात. त्या विचारतात, राहिलेले सात नग कुठे मिळतील आणि कोणत्या रंगाशी कोणता रंग जाईल?

ताई, सात नगांचं शेवटी बोलू. तुम्ही एक वाक्य जाता जाता लिहिलंय: "काही ताटल्या धुतल्या की मधे तपकिरी डाग उमटतात, दोन दिवसांनी फिके होतात." माझ्या मते खरा प्रश्न हा आहे. रंग जुळवणं अर्ध्या तासाचं काम आहे. त्याआधी तुमच्याकडच्या २१ नगांपैकी आपलं जेवण कोणाला सोसतं, हे बघायला हवं. चिंचेची आमटी, कोकमाचं सार, ताक, लोणच्याचा खार आणि या सगळ्यात हळद. पाव-लोण्यासाठी बनलेल्या ताटलीला हे झेपेलच असं नाही.

माझं म्हणाल तर साताऱ्यात राजवाड्याजवळ सासऱ्यांचं स्टील-पितळेचं दुकान आहे. त्यात एका फळीवर मी चिनी माती ठेवायला सुरुवात केली, त्याला बावीस वर्षं झाली. पाचगणी-महाबळेश्वरचे जुने बंगले विकले जातात तेव्हा आतली भांडी कोणालाच नको असतात, ती माझ्याकडे येतात. नवा माल मी खुर्ज्याहून आणि हाताने भांडी घडवणाऱ्या काही स्टुडिओवाल्यांकडून घेते. आणि घरी आम्ही त्यातच जेवतो. हे मुद्दाम सांगते, कारण नुसतं विकणाऱ्याला ताटली सहा महिन्यांनी कशी दिसते ते कळत नाही.

तुमच्या ताटल्या मी हातात घेतलेल्या नाहीत. फोटोवरून फार तर अंदाज बांधता येतो. म्हणून पुढे जे सांगते ते तुम्हीच एकेक नग घेऊन करा. सेट एक असला तरी नग एकसारखे असतीलच असं धरू नका. फुटलेल्याच्या जागी साधारण तसाच दुसरा आणून ठेवायची पद्धत सगळ्या घरांत होती.

आधी पोटातली गोष्ट. चिनी मातीचं भांडं म्हणजे भाजलेली माती आणि तिच्यावर झिलई, आम्ही ग्लेझ म्हणतो ती. ही झिलई म्हणजे चक्क काच आहे. आमच्या ओगलेवाडीला ज्या काचेने प्रभाकर कंदील झाले, त्याच जातीची, फक्त मातीवर पातळ थर देऊन वितळवलेली. काच लवकर वितळावी, रंग झळाळून उठावा म्हणून जुन्या काळी झिलईत सर्रास शिसं घालत. भट्टी आणि मिश्रण दोन्ही नीट साधलं असेल तर ते काचेत बऱ्यापैकी अडकून राहतं. नसेल साधलं, तर आंबट पदार्थ ते बाहेर ओढतो. हे आपल्याला नवं नाही. कल्हई गेलेल्या पितळेच्या पातेल्यात आजी ताक ठेवू देत नसे, कळकेल म्हणायची. पितळ वाईट होतं असं नव्हे, पितळ आणि आंबट यांच्या मधला थर गेलेला असायचा. चिनी मातीला तेच गणित लावा. पितळ निदान कळकलं की चवीला कळतं. शिसं चवीला कळत नाही आणि ते लहान मुलांना आणि गरोदर बाईला सगळ्यात जास्त बाधतं.

माझी फजिती सांगते. चिनी मातीची फळी सुरू करून दोन वर्षं झाली होती. पाचगणीच्या एका बंगल्यातून हळदी-पिवळ्या रंगाची एक खोलगट वाटी आली. इतकी देखणी की विकायची सोडून घरी नेली आणि कैरीचं ताजं लोणचं तीत काढून ठेवलं. आठेक दिवसांनी वाटी रिकामी केली, धुतली, आणि खिडकीशी धरली तर आत एक रेघ. रेघेच्या वर पहिल्यासारखी चकाकी, खाली सगळं मंद, काचेवर वाफ धरल्यासारखं. जिथपर्यंत खार होता तिथपर्यंत झिलई खाल्ली गेली होती. आणि जे खाल्लं गेलं ते लोणच्यात उतरलं होतं, आम्ही आठ दिवस खात होतो. त्या वाटीत आता दुकानाच्या किल्ल्या असतात. वरून कितीही सुरेख दिसलं तरी आंबटाने मंद झालेली झिलई दिसली की ते भांडं जेवणातून बाद, हा नियम मी तेव्हापासून पाळते.

आता तुमचे नग. माठ घेताना आपण टिचकी मारतो ना, तीच सुरुवात. ताटली एका बोटावर तोलून धरा आणि नखाने कडेला टिचकी मारा. टण्ण असा लांबणारा आवाज आला तर भाजणी पक्की आहे आणि तडा नाही. थप्प असा बसका आवाज आला तर एकतर तडा आहे किंवा माती कमी तापमानाला भाजलेली आहे, म्हणजे अर्दनवेअर. मग संध्याकाळी ती दिव्यासमोर धरा आणि मागून बोटं हलवा. बोटांची सावली दिसली तर पोर्सिलेन किंवा बोन चायना. बोन चायनात खरंच जनावरांच्या हाडांची राख असते, उत्तम प्रतीच्या मालात निम्म्याच्या आसपास. शाकाहारी घरांत हे कळल्यावर कपबश्या बाहेर गेलेल्या मी पाहिल्यात, म्हणून आधीच सांगून ठेवते. तिसरं, बुडाच्या कडीवर जिथे झिलई नसते तिथे पाण्याचा थेंब सोडा. थेंब तसाच बसला तर माती घट्ट, हळूहळू मुरला तर सच्छिद्र. अर्दनवेअर साधारण हजार ते साडेअकराशे अंश सेल्सिअसला भाजतात, स्टोनवेअर, म्हणजे घट्ट भाजलेली जाडसर भांडी, बाराशेच्या वर, पोर्सिलेन त्याहूनही चढं. सगळा फरक या दोन-तीनशे अंशांचा आहे.

आणि तिरप्या उजेडात झिलई बघा. केसासारख्या बारीक चिरांची जाळी दिसते का? माती आणि वरची काच गार होताना सारख्या आकसल्या नाहीत, किंवा माती वर्षानुवर्षं दमट हवेत ओल पिऊन फुगली, तर ताणाने काचेला अशी जाळी पडते. शोभेला ती छान दिसते. जेवणात मात्र आमटीचं पाणी, तेल, हळद त्या चिरांतून खाली मातीत जातं आणि तिथे कुठलीच घासणी पोचत नाही.

यावरून तुमच्या तपकिरी डागांचं कोडं बहुतेक सुटतं. धुतल्यावर डाग उमटतो आणि वाळल्यावर फिका होतो, म्हणजे पाणी आत जातंय आणि बाहेर येतंय. माती सच्छिद्र, वर जाळी, आणि ही ताटली कृष्णामाईच्या पुरात बुडालेली. ते पाणी नुसतं नदीचं नव्हतं, त्यात गटारं होती, रॉकेल होतं, काय नव्हतं ते विचारा. ते मातीत मुरलं आहे. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये भिजवून डाग फिका होईल, पण डाग जाणं वेगळं आणि ताटली जेवणालायक होणं वेगळं. पुरात बुडालेल्या आणि त्यातही जाळी पडलेल्या नगांत मी स्वतः जेवणार नाही. भिंतीवर लावा, कुंडीखाली ठेवा, देवघरात कोरडी फुलं ठेवायला घ्या.

जे नग टण्ण वाजतात, ज्यांना जाळी नाही, टवका उडालेला नाही, त्यांचं पुराने फारसं बिघडलेलं नसतं. घट्ट काचेच्या आत पाणी शिरत नाही. साबणाने नीट धुवा आणि निर्धास्त व्हा. फक्त एक, सोनेरी रेघ आणि ती फुलं झिलईच्या वर काढून कमी आचेवर भाजलेली असू शकतात. फुलांवरून बोट फिरवा, किंचित उंचवटा लागला किंवा जागोजाग रंग खरडला गेलेला दिसला तर ती वरचीच. अशी ताटली बशी म्हणून वापरा, सुकं ठेवा, बिस्किटं ठेवा. आंबट नको, मायक्रोवेव्ह तर अजिबात नको, सोन्याच्या रेघेवर ठिणग्या उडतात.

आता त्या चार केशरी ताटल्या. उलट्या करून बघा, आणि कडेजवळ एकात एक अशी उठावाची वर्तुळं आहेत का तेही बघा. असतील तर बहुधा ती फिएस्टा आहे. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या न्यूएल गावी होमर लाफलिन कंपनीने १९३६ साली हा माल काढला, रचना फ्रेडरिक रीड यांची. तो काळ मंदीचा. अख्खा सेट घेण्यापेक्षा एकेक नग घ्या, रंग हवे तसे मिसळा, ही त्यामागची कल्पना, आणि लोकांनी ती उचलून धरली. त्यातला केशरी-तांबडा सगळ्यात गाजला. तो रंग युरेनियमच्या ऑक्साइडमधून येत असे. दुसऱ्या महायुद्धात युरेनियम सरकारने आपल्याकडे घेतलं तेव्हा हा रंग बंद पडला. १९५९ मध्ये तो परत आला, या वेळी अणुइंधनाला लागणारा भाग बराचसा काढून घेतलेल्या युरेनियमवर, आणि १९७२ पर्यंत चालला. तुमच्या चुलत सासऱ्यांनी साठच्या दशकात आणलेल्या ताटल्या या दुसऱ्या खेपेच्या असू शकतात. वर्तुळं नसली तरी निश्चिंत होऊ नका, त्या काळात इतर अमेरिकी कारखानेही हाच रंग असाच करत.

म्हणजे फेकून द्यायच्या का? मुळीच नाही. कपाटात ठेवल्याने तुम्हाला काही होत नाही. पण त्यात जेवू नका. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्थाही अशा भांड्यांत खाऊ-पिऊ नये असंच सांगते, कारण आंबटाबरोबर युरेनियम आणि शिसं अन्नात उतरू शकतं. टवका उडालेली असेल तर घासून गुळगुळीत करायच्या भानगडीत पडू नका, ती भुकटी नाकात जायला नको. १९८६ पासून पुन्हा निघालेला फिएस्टा शिशाशिवायचा आहे, त्यात खुशाल जेवा. शिक्का नीट वाचा, नव्या मालावर तसं लिहिलेलं असतं.

शिक्क्यांवरून वय सांगता येतं का, असं सगळे विचारतात. थोडंफार. नुसतं 'इंग्लंड' असेल तर बहुधा १८९१ नंतरचं, कारण तेव्हापासून अमेरिकेत येणाऱ्या मालावर देशाचं नाव लागलं. 'मेड इन इंग्लंड' साधारण विसाव्या शतकातलं. 'ऑक्युपाइड जपान' लिहिलेलं असेल तर महायुद्धानंतरच्या थोड्याच वर्षांतलं, १९५२च्या आतलं. 'डिशवॉशर सेफ' लिहिलेल्या ताटलीला कोणी शंभर वर्षांची म्हणाला तर हसून पुढे जा. पण शिक्का वय सांगतो, झिलईत काय आहे ते सांगत नाही. त्यासाठी प्रयोगशाळा. तिथे भांड्यात ४ टक्के ॲसेटिक ॲसिड, म्हणजे जवळजवळ व्हिनेगरच, २४ तास ठेवून किती शिसं आणि कॅडमियम (तोही विषारी धातूच) उतरलं ते मोजतात. भांडं फोडावं लागत नाही. पुण्या-मुंबईकडे एनएबीएल, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ, त्याची मान्यता असलेल्या प्रयोगशाळांत विचारा. ऑनलाइन मिळणाऱ्या रंग बदलणाऱ्या काड्यांवर मी विसंबत नाही. काडी लाल झाली तर भांडं बाजूला काढा, पण लाल झाली नाही म्हणून भांडं चांगलं असं होत नाही. तुमच्या १७ नगांसाठी इतका खर्च करावा का? घरात लहान मूल असेल आणि रोज त्यातच जेवायचं असेल तर एक ताटली, एक वाटी तपासून घ्या. सणावारी दोनदा काढायचं असेल तर वरच्या परीक्षा आणि आंबट टाळणं पुरे.

इथवर तुमच्याकडे दोन ढीग झाले असतील, एक जेवायचा, एक बघायचा. माझा अंदाज, जेवायच्या ढिगात आठ-दहा नगच येतील. आता नव्या खरेदीला अर्थ आहे.

रोजच्या जेवणाला स्टोनवेअर घ्या. खुर्ज्याचा माल उत्तर प्रदेशातल्या बुलंदशहर जिल्ह्यातून येतो, रंगांची चंगळ असते आणि खिशालाही परवडतो. त्यात चांगलं-वाईट दोन्ही आहे, म्हणून दुकानदाराला सरळ विचारा, शिसं नाही असं लिहून देतोस का. पुदुच्चेरीत रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ साली गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली. तिथे शिकलेले हात आता देशभर पसरलेत, त्यांचं काम महाग पण पिढीभर टिकणारं. जयपूरची निळी भांडी सगळ्यांना आवडतात, मलाही. पण ती मुळात मातीची नाहीतच, गारेची पूड, काचेची पूड असं मळून कमी आचेवर भाजतात. शोभेला घ्या, आमटीला नको. आणि दुकानात ज्याला सरसकट 'चिनी माती' म्हणून विकतात त्या पातळ, हलक्या, शुभ्र ताटल्या बऱ्याचदा ओपल काच, म्हणजे दुधी पांढरी काच असतात. त्या वापरायला उत्तमच, फक्त चिनी माती म्हणून जास्त पैसे देऊ नका.

झिलई चकचकीत घ्या. हल्ली मॅट, म्हणजे बिनचकाकीच्या फिनिशची फॅशन आहे, फोटोत ती फार देखणी दिसते. आपण हाताने जेवतो, हळद-तेल ताटलीवर पसरतं, आणि मॅट झिलई ते धरून ठेवते. शिवाय स्टीलचा चमचा फिरला की राखाडी रेघा उठतात. त्या चरे नसतात, चमच्याचं स्टील झिलईवर लागलेलं असतं. सायट्रिक ॲसिडच्या लगद्याने पुसल्या की जातात, पण दर आठवड्याला कोण करत बसणार. कड उचललेली ताटली घ्या, नाहीतर अख्खा मसूर वाढल्यावर रस्सा टेबलावर. आणि वजन हातात घेऊन बघा. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी जी ताटली "ही माझ्याकडून फुटणार" म्हणून बाजूला ठेवली, ती रोजच्या वापरातून गेलीच समजायची. त्यांचा कौल मी दुकानातही मानते. बेसिनमध्ये रबरी चटई टाका. तारेची घासणी आणि पितळेची पावडर या भांड्यांपासून लांब ठेवा.

रंगांचं म्हणाल तर ताटलीशी ताटली जुळवू नका, ताटलीशी जेवण जुळवा. पिवळ्या ताटलीत पिठलं वाढलं तर वाढलंय की नाही तेच कळत नाही. गर्द निळ्यात दहीभात, साबुदाण्याची खिचडी, आमच्याकडचे कंदी पेढे असे उठून दिसतात की बघत राहावं. हिरव्यावर वरणभात आणि लिंबाची फोड. तांबड्या रस्स्याला सायीचा रंग. तुमचा जुना सेट फुलाफुलांचा आहे, त्याच्या जोडीला नवं नक्षीदार काही आणू नका. त्याच फुलातला एक निळा उचला, त्या निळ्याच्या साध्या सहा ताटल्या घ्या, वर जुन्या छोट्या बश्या चटणी-कोशिंबिरीला. पण पांढरा मात्र दिवसाच्या उजेडात ताडून घ्या. सायीकडे झुकलेल्या पांढऱ्याशेजारी निळसर पांढरा ठेवला तर जुनी ताटली मळकी वाटते आणि दोष तिचा नसतो.

वापरताना दोन बारीक गोष्टी. थंडीत बोन चायनाच्या कपात उकळता चहा एकदम ओतू नका, आधी कोमट पाण्याने विसळा. नव्या ताटलीवर हळदीचा पिवळेपणा राहिला तर घासू नका, धुऊन उन्हात ठेवा, दोन दुपारींत जातो. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही, हे सांगलीकरांना मी काय सांगावं. मायक्रोवेव्हची शंका असेल तर रिकामी ताटली आणि शेजारी कपभर पाणी ठेवून मिनिटभर चालवा. पाणी गरम आणि ताटली गार, तर ठीक. ताटलीच तापली तर ती बहुधा ओल धरून आहे, आत घालू नका. जुन्या ताटल्या रचताना मधे कापड घाला आणि सहा-आठच्या वर थर नको. कप कानाने टांगू नका.

राहिले ते सात नग. मिळू शकतात. शिक्का आणि नक्षीचा नंबर असेल तर मुंबईत चोरबाजारात किंवा ऑनलाइन शोधता येतात. मी दुकानदार असून सांगते, शोधू नका. एका जुन्या ताटलीच्या किमतीत चांगल्या स्टोनवेअरच्या चार येतात. आणि आलेली ताटली जाळी पडलेली निघाली की तुमच्या बघायच्या ढिगात एकाची भर. पाचगणीच्याच एका घरातून माझ्याकडे एक मोठं तबक आलं होतं, मधोमध दुभंगलेलं आणि मागून पितळेच्या बारीक टाचण्या मारून सांधलेलं. नवं सहज घेऊ शकणारं घर होतं ते. तरी कोणीतरी कारागिराकडे नेऊन ते जोडून आणलं आणि वापरलं. ते तबक मी विकलेलं नाही.

टिचकी, दिवा आणि थेंब, हे तिन्ही झालं की कोणत्या ढिगात किती नग आले ते कळवा. केशरी ताटल्यांचा फोटो टाकाल तेव्हा पाठीचाही टाका, आणि उजेड तिरपा येईल असा धरा.